दोन सेकंद दिसतो आणि काळा होतो: जुना एलसीडी मॉनिटर घरी दुरुस्त करताना

बटण दाबलं की दिवा लागतो, कंपनीचं नाव पडद्यावर झळकतं आणि दोन सेकंदांत सगळं काळं. बंद करून पुन्हा चालू केलं तरी तेच. २००३ ते २०१० च्या आसपासचा चौकोनी १७ इंची किंवा रुंद १८.५ इंची मॉनिटर ज्यांच्या घरी, शाळेत किंवा दुकानात आहे, त्यांनी हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. असा मॉनिटर आधी माळ्यावर जातो आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे. त्याचं मला फार वाईट वाटतं. माझ्या टेबलावर आलेल्या अशा मॉनिटरांपैकी निम्म्याहून जास्त चार-सहा कॅपॅसिटर (वीज साठवणारे छोटे गोल भाग) बदलून उभे राहिले आणि सुट्या भागांचा खर्च शंभर रुपयांच्या आतबाहेर होता. गावातल्या शाळेच्या संगणक कक्षात दहापैकी चार मॉनिटर बंद असतात, तेव्हा हे काम शिकून घेण्याइतकं महत्त्वाचं नक्कीच आहे.

पण आतमध्ये जीव घेणारं व्होल्टेज असतं. म्हणून काय करायचं यापेक्षा कुठे हात लावायचा नाही, हे आधी.

मागे फुगीर असलेला मॉनिटर उघडू नका

काचेची जाडजूड पिक्चर ट्यूब असलेले जुने सीआरटी मॉनिटर या लेखात दुरुस्त करायचे नाहीत. रंगीत ट्यूबच्या अॅनोडला सुमारे २५,००० व्होल्ट दिलेले असतात. ट्यूबची काच आणि तिच्यावरचे आतले-बाहेरचे वाहक थर मिळून एक मोठा कॅपॅसिटरच तयार होतो. त्यामुळे वायर काढून ठेवल्यावरही त्यात चार्ज टिकतो, आणि एकदा उतरवला तरी काही वेळाने थोडा परत येतो. शिवाय आत निर्वात पोकळी असते. मागच्या निमुळत्या मानेला पक्कड लागली तर काच फुटून अंगावर येऊ शकते. हे काम ज्याने उस्तादाच्या शेजारी बसून शिकलंय, त्याचंच आहे.

बाहेरून मात्र थोडं करता येतं. कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग दिसत असतील तर शेजारचे स्पीकर दूर करा आणि मेनूमधला डीगॉस (ट्यूबवर चढलेलं चुंबकत्व उतरवणारा) पर्याय वापरा. पडद्यावर फक्त एक आडवी पांढरी रेघ उरली असेल तर लगेच बंद करा, नाहीतर त्या जागचा फॉस्फर, म्हणजे पडद्याचा प्रकाश देणारा थर, कायमचा जळतो. त्यापुढचं जाणकाराकडे.

न उघडता आधी एवढं बघा

मॉनिटर बंद पडला म्हणून आणलेल्यांपैकी काही मॉनिटर मुळात बिघडलेलेच नसतात. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी पाच मिनिटं द्या.

पॉवर केबल बदलून बघा. संगणकाच्या सीपीयूची आणि मॉनिटरची केबल सारखीच असते, त्यामुळे अदलाबदल सोपी. मॉनिटरला बाहेर अॅडॅप्टर असेल तर त्यावर छापलेलं व्होल्टेज वाचा. कुणाला १२ लागतात, कुणाला १४, कुणाला १९. पिन बसते म्हणून दुसरा अॅडॅप्टर लावू नका. अॅडॅप्टरच खराब असेल तर तुमचं काम तिथेच संपलं, मॉनिटर उघडायचं कारण नाही.

नंतर संगणकाची केबल पूर्ण काढून फक्त पॉवर द्या. मॉनिटर ठीक असेल तर तो स्वतःचा ‘सिग्नल नाही’ अशा अर्थाचा संदेश दाखवतो. तो संदेश स्पष्ट आणि स्थिर दिसत असेल तर दोष केबलचा किंवा संगणकाचा. रंग बिघडले असतील तर मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. मेनूचे रंग बरोबर आणि मागचं चित्र मात्र पिवळं, असं असेल तर व्हीजीए केबलमधला निळा रंग गेलाय. पांढऱ्याच्या जागी आकाशी दिसलं तर लाल गेला, गुलाबी-जांभळं दिसलं तर हिरवा गेला. व्हीजीएच्या १५ खुंट्यांपैकी एखादी वाकून आत गेलेली असते. चिमट्याने ती हळूच सरळ केली की चित्र पूर्ववत.

‘आउट ऑफ रेंज’ हा संदेश म्हणजे संगणक मॉनिटरला न झेपणारं रिझोल्यूशन पाठवतोय. १७ इंची चौकोनीसाठी १२८० बाय १०२४, ६० हर्ट्झ ठेवा.

आता सगळ्यात उपयोगाची चाचणी. पडदा काळा आहे पण पॉवरचा दिवा लागलेला आहे, अशा वेळी खोलीत अंधार करा, संगणक जोडलेला असू द्या आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला तिरका, अगदी जवळ धरा. अंधूक आयकॉन दिसले तर पॅनेल (चित्र दाखवणारा पडदा) जिवंत आहे, मेनबोर्ड जिवंत आहे, फक्त मागचा उजेड गेलाय. काहीच दिसलं नाही आणि दिवा लुकलुकत असेल किंवा लागतच नसेल, तर पॉवर सप्लायकडे बघायचं.

दोन सेकंदांचं कारण

या काळातल्या बहुतेक मॉनिटरांत एलईडी नसतात. पडद्याच्या वर आणि खाली ट्यूबलाइटसारख्या, पेन्सिलीहून बारीक नळ्या असतात, सीसीएफएल नावाच्या. त्या पेटवायला मॉनिटरच्या आतलाच इन्व्हर्टर (घरातला नव्हे, नळ्यांसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग) हजार व्होल्टहून जास्त देतो, पेटल्यावर काही शे व्होल्टवर चालवतो. एखाद्या नळीतून ठरल्याएवढा करंट गेला नाही तर इन्व्हर्टर एक-दोन सेकंदांत सगळ्या नळ्या बंद करतो. ते त्याचं संरक्षण आहे. त्यामुळे दोन सेकंदांनी काळोख याचा अर्थ नळी थकली, तिचा जोड सैल झाला, इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरपाशी डाग (सोल्डरचा जोड) सुटला, किंवा इन्व्हर्टरला मिळणारा पुरवठाच दुबळा झाला. यातलं शेवटचं कारण मला सर्वांत जास्त वेळा सापडलं, आणि त्यामागे असतात फुगलेले कॅपॅसिटर.

इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरच्या आत द्रव असतो. उष्णतेने तो सुकत जातो, वायू तयार होतो आणि डोक्यावरचा पत्रा वर येतो. डोक्यावर कोरलेल्या रेघा त्यासाठीच असतात, दाब वाढला तर तिथून सुटका व्हावी म्हणून. त्यात २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेले कॅपॅसिटर जगभर मदरबोर्डांत आणि मॉनिटरांत बसवले गेले, आणि ते ठरल्या आयुष्याच्या कितीतरी आधी फुगले. वरून आपल्याकडचा एप्रिल-मे, पंखा नसलेली खोली आणि कापडाच्या कव्हराखाली झाकलेली हवेची जाळी.

लागणारं सामान

फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, ६०० व्होल्ट डीसी मोजू शकणारा मल्टिमीटर, २५ ते ३५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, बारीक सोल्डर वायर, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी पेस्ट), डिसोल्डर पंप (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा), जुनं एटीएम कार्ड, मऊ चादर, आणि स्क्रू ठेवायला वाट्या. त्याखेरीज दोन गोष्टी स्वतः बनवायच्या.

पहिली, २.२ किलोओहम १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर. त्याच्या दोन्ही टोकांना जाड इन्सुलेशनच्या वायरी सोल्डर करा, पुढे मल्टिमीटरची जुनी प्रोब लावा आणि सगळे उघडे भाग हीट-श्रिंक नळीने झाका. चार्ज उतरवायला हा लागतो.

दुसरी, सिरीज बोर्ड, पहिल्यांदा पॉवर देताना आत शॉर्ट असेल तर तो कळावा म्हणून. आपल्या प्रत्येक रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात भिंतीवर तो दिसतो. ६० किंवा १०० वॅटचा जुन्या प्रकारचा, तारेचा पिवळा बल्ब एका सॉकेटच्या फेज वायरीत सिरीजमध्ये. एलईडी बल्ब इथे चालत नाही. वायरिंगची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बनवून घ्या, अर्थिंगसकट.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सहज मिळतात. जुना कॅपॅसिटर खिशात घालून जा. आकड्यांबरोबर त्याची उंची आणि जाडीही जुळावी लागते.

उघडणं

पॉवर केबल भिंतीतूनही काढा आणि मॉनिटरमागूनही. दोन्ही. मग पंधरा मिनिटं थांबा. थांबण्याच्या वेळात टेबलावर चादर पसरा आणि पडदा खाली करून मॉनिटर ठेवा. चादरीखाली स्क्रू किंवा खडा राहिला तर पॅनेल गेलंच समजा.

आधी स्टँड काढा, त्याच्या झाकणाखाली बरेचदा दोन-चार स्क्रू लपलेले असतात. चौकट प्लास्टिकच्या खाचांनी अडकवलेली असते. खालच्या कडेच्या फटीत एटीएम कार्ड सरकवा आणि हळूहळू पुढे न्या. खट् असा आवाज येईल, तो खाच सुटल्याचा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, प्लास्टिक तर फुटतंच, आणि आत पॅनेलची काच लगेच पलीकडे असते. समोरच्या बटणांची पट्टी बारीक वायरीने जोडलेली असते, म्हणून चौकट एकदम ओढायची नाही.

आत पत्र्याचं कव्हर दिसेल. त्याच्या कडेने दोन-दोन वायरींचे, बहुधा गुलाबी-पांढरे, छोटे कनेक्टर बाहेर येतात. हेच बॅकलाइटचे, म्हणजे मागच्या उजेडाच्या नळ्यांचे. ते वायर धरून नाही, प्लास्टिकचा तुकडा धरून काढा. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. कोणता कनेक्टर कुठे होता हे दोन दिवसांनी आठवत नाही.

चार्ज उतरवणं, ही पायरी कधीच गाळू नका

पत्रा काढल्यावर सहसा दोन बोर्ड दिसतात. लहान, हिरवा, चिप्स असलेला तो मेनबोर्ड. मोठा, बरेचदा तपकिरी, तो पॉवर बोर्ड. इन्व्हर्टरही त्यावरच असतो. बोर्ड सोडवताना फक्त कडा धरा, सोल्डरच्या बाजूला बोट लावू नका.

पॉवर बोर्डवर सगळ्यात जाडा, डब्यासारखा एक कॅपॅसिटर असतो. त्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट आणि १०० ते १५० मायक्रोफॅरडच्या आसपास आकडा असतो. घरातली २३० व्होल्टची वीज डीसी होऊन इथे साठते, तेव्हा ती ३२५ व्होल्ट होते. केबल काढल्यावर हा चार्ज बहुधा आपोआप उतरतो. पण बोर्ड बिघडलेला असेल तर उतरेलच असं नाही, आणि आपल्या हातात बिघडलेलाच बोर्ड आहे.

मल्टिमीटर डीसी ६०० व्होल्टवर ठेवा. एक हात मागे किंवा खिशात, दुसऱ्या हाताने त्या जाड्या कॅपॅसिटरच्या दोन पायांना एकेक प्रोब लावा. काळ्या प्रोबला क्रोकोडाइल क्लिप लावून ठेवली तर हे सोपं जातं. वीस व्होल्टच्या वर काही दिसलं तर सिमेंट रेझिस्टर त्याच दोन पायांना पाच सेकंद लावा आणि पुन्हा मोजा. शून्याजवळ आल्याशिवाय पुढे जायचं नाही. अनेक जण स्क्रू ड्रायव्हर आडवा ठेवून ठिणगी पाडतात. त्याने बोर्डावरची पट्टी जळते, धातूचा कण डोळ्यात उडू शकतो. मी हे कुणाला करू देत नाही.

नवख्याने आणखी एक नियम पाळावा: बोर्ड उघडा असताना पॉवर देऊन मोजमाप करायचं नाही. इन्व्हर्टरच्या आउटपुटवर तर साधा मल्टिमीटर कधीच लावू नये, तो त्यासाठी बनलेलाच नसतो.

बघणं, हुंगणं, मग सोल्डर

आता उजेडात नुसतं बघा. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, कमी व्होल्टेजच्या बाजूला चार ते आठ लहान कॅपॅसिटर असतात: ४७०, ६८०, १००० मायक्रोफॅरड, १० ते २५ व्होल्ट. डोकं सपाट हवं. थोडंही वर आलं असेल, तपकिरी चिकट डाग असेल, बुडाचं रबर बाहेर आलं असेल तर तो गेला. यातला एक गेला असेल तर त्या बाजूचे सगळेच बदला. बाकीचे तेवढेच तापलेले आणि तेवढेच म्हातारे असतात, आणि सपाट डोक्याचा कॅपॅसिटरही आतून थकलेला असू शकतो. मल्टिमीटर कधीकधी त्याचे मायक्रोफॅरड बरोबर दाखवतो, पण अंतर्गत रोध वाढलेला असतो आणि तो त्याला कळत नाही. जाडा मुख्य कॅपॅसिटर फुगला नसेल तर त्याला हात लावू नका.

नवीन घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी जास्त, तापमान १०५ अंश, आणि दुकानदाराला ‘लो ईएसआर’ (कमी अंतर्गत रोधाचा) म्हणून सांगा. ८५ अंशांचा स्वस्त कॅपॅसिटर बसवलात तर वर्षभरात पुन्हा मॉनिटर उघडावा लागेल.

हे बोर्ड एका बाजूच्या तांब्याचे आणि स्वस्त कागदी थराचे असतात. जास्त वेळ तापवलं की तांब्याची टिकली उखडते. म्हणून जुन्या डागावर आधी थोडं फ्लक्स आणि ताजं सोल्डर द्या, तीन सेकंदांत वितळलं की पंपाने ओढा, आणि एक पाय तापवून कॅपॅसिटर किंचित कलता करा, मग दुसरा. ओढाताण नको. नवीन बसवताना कॅपॅसिटरच्या अंगावरची पट्टी म्हणजे ऋण पाय. बोर्डावरचं चिन्ह बहुतेक वेळा ऋण बाजूला भरलेलं असतं, पण मी उलटं छापलेलेही बोर्ड पाहिलेत, म्हणून जुना काढण्याआधीचा फोटोच खरा माना. उलटा बसवलेला कॅपॅसिटर पॉवर दिल्यावर फुटू शकतो.

बोर्ड हातात आहे तोवर इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरच्या पायांचे डाग भिंगातून बघा. पायाभोवती बारीक काळी कडी दिसली तर तो सुटलेला डाग. फ्लक्स लावून नव्याने डाग द्या. दोन सारखे ट्रान्सफॉर्मर असतील तर दोघांच्या दुय्यम वेटोळ्यांचा रोध मोजून तुलना करा. एक आकडा दाखवतो आणि दुसरा काहीच नाही, तर दोषी सापडला.

कोकणात आणि एकूणच पावसाळ्यात वेगळं प्रकरण निघतं. उबेला आलेली पाल ३२५ व्होल्टच्या बाजूला चिकटून मेलेली असते, मुंग्यांनी घर केलेलं असतं. ब्रश आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने साफ करा, पूर्ण सुकू द्या. मेनू आपोआप उघडत असेल तर समोरच्या बटणांपैकी एखादं दमटपणाने आतून चिकटलंय. त्याच मापाचं टॅक्ट स्विच (बटणाखालचं छोटं दाबायचं स्विच) लावलं की झालं.

फ्यूज गेला असेल तर त्याची काच बघा. स्वच्छ काचेत तार तुटलेली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा, तेवढ्याच व्होल्टचा, त्याच प्रकारचा फ्यूज लावून सिरीज बोर्डवर बघता येतं. काच आतून काळी झाली असेल तर पुढे कुठेतरी सरळ शॉर्ट आहे: ब्रिज रेक्टिफायर, मॉसफेट, किंवा न्यूट्रल तुटून घरात जास्त व्होल्टेज आल्याने फुटलेला निळा टिकलीसारखा व्हॅरिस्टर. हे नवख्याचं काम नाही, बोर्ड कारागिराकडे न्या. आणि फ्यूजच्या जागी तार बांधू नका. त्यातून घराला आग लागलेली मी पाहिली आहे.

पहिल्यांदा पॉवर देताना

सगळे बोर्ड जागेवर बसवा, बॅकलाइटचे कनेक्टर लावा, पत्रा बंद करा, स्क्रू मारा. पत्र्याच्या आत एकही सुटा स्क्रू किंवा सोल्डरचा थेंब नको. मग सिरीज बोर्डवर जोडा आणि हात दूर ठेवून बटण दाबा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर चांगलं लक्षण. तो पूर्ण प्रखर पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे. लगेच बंद करा, पंधरा मिनिटं थांबा, चार्ज मोजा, कॅपॅसिटरची दिशा तपासा. सिरीज बल्बमुळे आग आणि स्फोटाचा धोका कमी होतो, पण विजेचा झटका टळत नाही, म्हणून बल्ब मंद आहे म्हणून आत बोट घालू नका.

बल्ब मंद राहिला तर मॉनिटर सरळ सॉकेटला लावा. पूर्ण पांढरा पडदा ठेवून दोन तास चालू द्या. दहा मिनिटांत उजेड गेला तर नळी थकली आहे. सुरुवातीला लालसर दिसणारा पडदाही नळीच्या म्हातारपणाचंच लक्षण. नळी बदलणं किंवा तिच्या जागी एलईडी पट्टी घालणं शक्य आहे, पण त्यासाठी पॅनेलचे थर उघडावे लागतात, आणि पहिल्या-दुसऱ्या मॉनिटरवर तो प्रयोग नको. नळीत पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, तुकडे ओल्या कागदाने उचला, झाडू मारू नका.

उभी रंगीत रेघ, अर्धा पडदा पांढरा, काचेला तडा: यात पॅनेलच गेलेलं असतं. वेळ घालवू नका. त्या मॉनिटरचा पॉवर बोर्ड, मेनबोर्ड आणि स्टँड मात्र जपून ठेवा, त्याच मॉडेलचा दुसरा मॉनिटर आला की ते सोनं आहे. उरलेलं भंगारवाल्याला देऊ नका, कारण तांब्यासाठी वायर उघड्यावर जाळल्या जातात, नळ्यांमधला पारा आणि सीआरटीच्या काचेतलं शिसं मातीत जातं. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा. शाळेने वर्षभराचा साठा एकत्र करून दिला तर वाहतुकीची व्यवस्थाही सोपी जाते.

चालू झालेल्या मॉनिटरची चौकट बंद करण्याआधी, मागच्या प्लास्टिकच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि बदललेल्या कॅपॅसिटरांचे आकडे लिहा. पुढच्या वेळी तो उघडणारा तुम्ही असाल किंवा दुसरं कुणी, त्याचा अर्धा तास वाचेल.